घोरण्याची मस्करी आणि ‘त्या’ दुखण्याचं मौन

घोरणाऱ्याची आपल्याकडे मस्करी होते. लग्नाच्या हॉलवर रात्री गाद्या पसरल्या की पहिला प्रश्न असतो, “सरांना कुठल्या कोपऱ्यात झोपवायचं?” लोक हसतात, आपणही हसतो. बायकोजवळ जाता न येणाऱ्या पुरुषाचं मात्र कुणी नाव काढत नाही. काढलंच तर शिवी म्हणून. एका दुखण्याला हसायचं आणि दुसऱ्याला झाकायचं, अशी आपली रीत. ही दोन्ही दुखणी एकाच माणसाला असू शकतात आणि एकातून दुसरं येऊ शकतं, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही स्वतःवर आल्यावर.

मी शिरूरमध्ये मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. बीएड झालेला मास्तर आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगून ठेवतो. हा लेख लिहावा की नाही यावर घरात बरेच दिवस बोलणं झालं. बेगमनं शेवटी दोन अटी घातल्या. तिचं नाव येता कामा नये, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं बाहेरून ऐकण्याआधी तिला घरात सांगायचं. दोन्ही पाळल्यात. मुलगी म्हणाली, “अब्बू, यात लाजायचं काय?” तिची पिढी आमच्यापेक्षा बरी.

मी मूळचा दौंडचा. अब्बा रेल्वेत होते, लोको शेडमध्ये. दिवसभर इंजिनांच्या आवाजात राहिलेला माणूस घरी येऊन पडला की त्याचंच इंजिन सुरू व्हायचं. कॉलनीतले शेजारी म्हणायचे, “चाचांची गाडी शंटिंगला लागली.” दुपारी जेवता जेवता त्यांना डुलकी लागायची, हातातला घास तसाच राहायचा आणि आम्ही भावंडं तोंडावर हात ठेवून हसायचो. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका पहाटे त्यांना लकवा झाला. त्यांच्या घोरण्याचा त्याच्याशी संबंध होता की नाही, हे आता कुणीच सांगू शकत नाही. घोरण्याची तपासणी असते, हेच तेव्हा आमच्या ओळखीत कुणाला ठाऊक नव्हतं.

माझं सुरू झालं चाळिशीनंतर. फजरला उठलो की डोकं जड, तोंड कोरडं, जिभेला जणू कातडं चिकटलेलं. आठ तास झोपूनही अंग ठेचल्यासारखं. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागे, म्हणून साखर तपासली; साखर ठीक निघाली. शाळेत मोकळ्या तासाला हजेरीपटावर मान पडायची. मुलं माझ्या नकला करायला लागली आणि त्या चांगल्या करायची, हे मान्य केलं पाहिजे.

सासर दौंडात, बहीणही तिथंच. शिरूरहून न्हावरे, चौफुला, पाटस करत मोटारसायकलवर जाणं नेहमीचं. साखर कारखान्यांच्या हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि बहुतेकांना मागं दिवा नसतो. एका संध्याकाळी न्हावऱ्याच्या पुढं भर रस्त्यात माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा उसाची वाढी चेहऱ्यापासून दोन हातांवर होती. कसा वाचलो ते अल्लाहला ठाऊक. त्या दिवसापासून मागं कुणी बोलणारा बसल्याशिवाय मी त्या रस्त्याला गाडी घातली नाही.

आता दुसरी गोष्ट. बायकोजवळ जायची इच्छाच कमी होत गेली. मग इच्छा असेल तेव्हा शरीर साथ देईना. सुरुवात व्हायची आणि मध्येच सगळं ओसरून जायचं. असं तीन-चार वेळा झालं की माणूस त्या खोलीत जायलाच बिचकतो. दहावीच्या वह्या रात्री बारापर्यंत तपासायला लागतो. पहाटे पुरुषाला शरीराची जी जाग येते, ती कधी बंद झाली ते लक्षातही आलं नाही.

दोन भाषा शिकवण्यात आयुष्य गेलं, पण हे सांगायला मला एकाही भाषेत शब्द सापडेना. उर्दूत ‘नामर्दी’. म्हणजे तू मर्दच नाहीस. मराठीत ‘नपुंसकत्व’, तेही तसंच. ‘मर्दाना कमजोरी’ म्हणावं तर डोळ्यांसमोर हकिमाची पाटी येते. ‘लैंगिक दुर्बलता’ हा पुस्तकी शब्द डॉक्टरसमोर उच्चारला की आपण पेपर वाचून दाखवतोय असं वाटतं. दुखण्याला नाव द्यायचं तर आधी स्वतःला शिवी घालून घ्यावी लागते, असं दुसरं दुखणं मला माहीत नाही. दम्याच्या रोग्याला कुणी ‘तू माणूसच नाहीस’ म्हणत नाही.

पण एक गंमत दोन्ही भाषांत आहे. उर्दूत पती-पत्नीच्या संबंधाला ‘हमबिस्तरी’ म्हणतात. हम म्हणजे सोबत, बिस्तर म्हणजे अंथरूण. मराठीतही ‘झोपणे’ या साध्या क्रियापदाचा तो दुसरा अर्थ आहेच. म्हणजे झोप आणि शरीरसंबंध यांची गाठ भाषेनं कधीच मारून ठेवलीय. आमच्या घरात आधी मोडलं ते अंथरूण. माझ्या घोरण्यानं बेगमला झोप लागेना. तिला सकाळी सहाला डबे करायचे असतात. ती उशी घेऊन हॉलमध्ये अम्मीजवळ झोपायला लागली. भांडण नाही, तंटा नाही, फक्त एक उशी या खोलीतून त्या खोलीत गेली. अशी किती घरं असतील, जिथं नवरा-बायको वेगळे झोपतात आणि लोकांना वाटतं, वय झालं, आता काय.

तिच्या मनात काय चाललं होतं, ते मला बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी कळलं. स्वयंपाकघरात मटणाचे वाटे करत होतो. मान वर न करता ती म्हणाली, “मैं समझी, अब मैं तुमको बूढ़ी लगती.” तिच्या एका मैत्रिणीनं तिला ‘बाहेर काही आहे का बघ’ असं सुचवलं होतं, दुसरीनं तावीज. माझं दुखणं ती स्वतःच्या चेहऱ्यात शोधत होती. या आजारात जोडीदाराचं जे नुकसान होतं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. मी तिला सगळं सांगितलं, जमेल त्या शब्दांत, अर्धं दखनीत, अर्धं मराठीत. ऐकून ती वेगळंच बोलली. “तुम्हारी सांस रुकती रात में. मैं गिनती. एक बार तो बीस तक गिनी.” ती हॉलमध्ये गेली होती, पण मध्यरात्री उठून दाराशी उभी राहत होती, श्वास परत सुरू होईपर्यंत.

त्यानंतर मी एका डॉक्टरांकडे गेलो. नाव घेत नाही. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते हसले, “सर, टेन्शन घेऊ नका,” म्हणाले आणि चार गोळ्यांची पट्टी लिहून दिली. रक्तदाबही मोजला नाही. मित्रांचे सल्ले याहून रंगीत होते. रेल्वेनं प्रवास करणाऱ्यांना रुळांकडेच्या भिंती पाठ असतात. ‘गुप्तरोग’, ‘मर्दाना ताकत’, खाली मोबाइल नंबर. लहानपणी दौंडहून पुण्याला जाताना मी मराठी वाचायला शिकलो त्यात या भिंतींचा वाटा आहे. अब्बांना मी मोठ्यानं विचारलं होतं, गुप्तरोग म्हणजे काय? डबाभर शांतता पसरली. वास्तविक १९५४ सालापासून आपल्या देशात औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे आणि लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्यात बसते. कायदा सत्तरी ओलांडून गेला, भिंती दरवर्षी नव्यानं रंगतात. कारण सरळ आहे. ज्या विषयावर डॉक्टर हसतो आणि मौलाना, मास्तर, बाप गप्प बसतात, त्या विषयावर भिंत बोलते.

मराठीत यावर कुणी बोललंच नाही असं मात्र नाही. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचक त्यांना पत्रांतून जे प्रश्न विचारत, त्यांना ते आडपडदा न ठेवता शास्त्रीय उत्तरं देत. त्या उत्तरांसाठीच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मला या प्रकरणात कर्व्यांइतकंच त्या पत्र लिहिणाऱ्यांचं कौतुक वाटतं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी शाईत बोरू बुडवून, पोस्टाचं तिकीट लावून, जे जवळच्यालाही सांगता येत नाही ते लिहून पाठवत होतं. पुढं डॉ. विठ्ठल प्रभूंच्या ‘निरामय कामजीवन’नं मराठी घरांत तीच वाट चालू ठेवली.

आमच्यातही वाट नव्हती असं नाही. मक्तबमध्ये जाणाऱ्या मुलाला गुसल केव्हा फर्ज होतो हे शिकवलं जातं, त्यात शरीराची सगळी भाषा येते. उम्मे सुलैम या सहाबियानं पैगंबरांना स्त्रीच्या शरीराविषयी प्रश्न विचारला होता आणि त्यांनी तिला सरळ उत्तर दिलं होतं. लग्नात मुलीला ‘बहिश्ती जेवर’ देण्याची रीत आपल्याकडे आहे, त्यातही हे मसले आहेत. म्हणजे शरीराच्या नियमांविषयी आपण बोलतो. शरीर नियमाप्रमाणे चाललं नाही की गप्प होतो.

असो. पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे बेगमला घेऊन गेलो. त्यांनी रक्तदाब घेतला, तो वाढलेला होता. मग टेप घेऊन माझ्या गळ्याचा घेर मोजला. मला वाटलं, शर्ट शिवतात की काय. साडेसतरा इंच. मग विचारलं, घोरता का? मी म्हणालो, थोडंसं. बेगम हसली आणि तिनं श्वास मोजण्याची हकिकत सांगितली. डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, “वहिनी, अर्धं निदान तुम्हीच केलंय.”

एका रात्रीसाठी इस्पितळात झोपवून डोक्याला, छातीला, पायांना तारा लावतात, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी. त्याला स्लीप स्टडी म्हणतात. दर तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला, ते मोजतात. किमान दहा सेकंद थांबला तरच धरतात. तासाला पाचपर्यंत ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. माझे अडतीस निघाले. ऑक्सिजन चौऱ्याहत्तर टक्क्यांपर्यंत उतरत होता. कोविडमध्ये नव्वदच्या खाली आकडा गेला की आपण बेड शोधायला धावत होतो, ते आठवलं आणि घाम फुटला. या आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही. ऑक्सिजन उतरला की मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो, घुर्र करून श्वास सुरू होतो, माणूस परत झोपतो. रात्रभर हेच. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. म्हणून या आजाराचा साक्षीदार कायम शेजारी झोपणारा असतो, आणि तोच आधी दुसऱ्या खोलीत गेलेला असतो.

आणि माझं दुसरं दुखणं? डॉक्टरांनी ते न हसता समजावलं. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. स्वप्नं पडतात त्या झोपेत. मनात काही असो वा नसो, शरीर ते करतं. त्या भागाला ताजं रक्त मिळतं. घशाची वाट बंद होण्याचा त्रास बहुतेकदा त्याच झोपेत वाढतो आणि ती झोप तुकड्या-तुकड्यांत तुटते. पुरुषांतलं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोनही झोपेतच वाढतं आणि सकाळी सगळ्यांत जास्त असतं, म्हणून त्याची तपासणी सकाळी करतात. झोप नाही तर तेही कमी पडतं. शिवाय ऑक्सिजन सारखा उतरल्यानं रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. त्या वेळेवर सैल पडून रक्त आत घेत नाहीत. हृदयाच्या वाहिन्यांचंही तेच होतं, पण शरीरातल्या त्या बारीक वाहिन्या आधी कुरकुरतात. डॉक्टरांचं म्हणणं असं की ही तक्रार घेऊन येणारा माणूस नशीबवान. कधीकधी हृदयाच्या आधी हीच वाहिनी इशारा देते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होऊ शकतो, पण मी तर गोळी सुरूच केली नव्हती. आणि एकदा का दोन-चार वेळा फजिती झाली, की भीती आपलं काम वेगळं करते.

हे दुर्मिळ आहे असं वाटत असेल तर मुंबईतला अभ्यास सांगतो. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांना तपासलं. २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दर शंभरात साधारण साडेसात जणांना दिवसाच्या पेंगेसकट हा आजार होता. म्हणजे जुम्म्याला मशिदीत दोनशे त्या वयाचे लोक असतील तर पंधरा. बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी जुहूच्या इस्पितळात वारले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत हेच नाव होतं. त्या आठवड्यात टीव्हीवर त्यांच्या सोन्याच्या साखळ्यांवर जेवढी चर्चा झाली तेवढी या आजारावर झाली असती तर चार लोक वाचले असते.

उपचार म्हणजे एक यंत्र. सीपॅप म्हणतात. नाकावर मास्क, त्यातून सतत दाबानं साधी हवा; ती घशाची वाट उघडी धरते. १९८० मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लिनरच्या मोटारीला उलटं करून ते पहिल्यांदा बनवलं. मला सदतीस हजाराला पडलं, पीएफमधून पैसे काढले. पहिल्या रात्री आरशात पाहिलं तर लढाऊ विमानाचा पायलट. धाकटा मुलगा फोटो काढायला लागला. आठवडाभर मास्क पहाटे उशाखाली सापडायचा. थंडीत नाक कोरडं पडतं, मग हवा ओली करणारी पाण्याची डबी जोडून घेतली. खरा वैरी म्हणजे महावितरण. रात्री वीज गेली की मास्कमध्ये हवा थांबते आणि माणूस गुदमरून उठतो. त्यासाठी इन्व्हर्टर घ्यावा लागला. तो खर्च डॉक्टर सांगत नाहीत. रमजानमध्ये झोपेचे दोन तुकडे होतात. सेहरी आणि फजरनंतर पुन्हा तासभर पडायचं असेल तर पुन्हा मास्क, कंटाळा आला तरी.

पहिल्या काही रात्री बेगमला शांततेनंच जाग यायची. मी मेलो की काय, म्हणून ती माझ्या छातीवर हात ठेवून बघायची. दोन आठवड्यांनी तिची उशी परत आली.

आता जे विचारायला लोक लाजतात ते. यंत्र लावलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर आलं, असं झालं नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो विकणारा आहे. काहींना या यंत्रानं पुष्कळ फरक पडतो, काहींना थोडा, काहींना औषध लागतंच. माझी आधी पेंग गेली, मग सकाळची डोकेदुखी. तिसऱ्या महिन्यात पहाटेची ती जाग परत आली. दहावीचा निकाल लागल्याइतका आनंद झाला, पण सांगणार कुणाला? बेगमला सांगितलं. ती म्हणाली, “मुबारक हो.” दोघंही बराच वेळ हसत बसलो. सुरुवातीला डॉक्टरांनी एक गोळी दिली होती, रक्तदाब आणि हृदय तपासून. ती काही महिने लागली. ही गोळी मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका, हे मात्र हात जोडून सांगतो. ज्यांना छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू आहेत, त्यांचा रक्तदाब तिच्यानं एकदम कोसळतो, जीव जातो. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा दारू घेणाऱ्यांचा घसा आणखी सैल पडतो, तेही ध्यानात ठेवा.

गोळीपेक्षा आमच्या घरात वेळेनं काम केलं. रात्री मी थकलेला, तिला डब्यांची चिंता, त्यात मास्क, त्यात ‘आज तरी जमेल का’ ही भीती. डॉक्टर म्हणाले, रात्रीच का? कुठं लिहिलंय? आम्ही रविवारची सकाळ धरली. फजरनंतर अम्मी तसबीह घेऊन गच्चीत बसतात, मुलं उशिरापर्यंत झोपतात. अंग ताजं असतं, आणि शरीराचं घड्याळही तेव्हा बाजूनं असतं. अडचण एकच. घरात न्हाणीघर एक, आणि गिझर लावला की मोहल्ल्याला ऐकू जाईल असा आवाज. रविवारी सकाळी सातला आंघोळ का, हे अम्मीनं कधी विचारलं नाही. त्या मोठ्या मनाच्या आहेत. पुढं मी सगळ्यांनाच रविवारी लवकर आंघोळीची सवय लावली. बेगमनं तिच्या बाजूनं एक नियम केला. जवळ बसायचं, हात धरायचा, बोलायचं, आणि काही व्हायलाच पाहिजे असा हिशेब ठेवायचा नाही. महिनाभर काहीच ‘झालं’ नाही आणि तरी तो महिना बरा गेला. कुराणात पती-पत्नीसाठी लिबासची उपमा आलीय. निकाहच्या खुतब्यानंतर ती अनेकदा ऐकली होती. अर्थ तेव्हा लागला. लिबास अंगावर असला की झालं, त्याला रोज परीक्षा द्यावी लागत नाही.

वजन मी नऊ किलो उतरवलंय, अजून उतरायचंय. बिर्याणीवर लिहिणाऱ्या मित्रांनी माफ करावं.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट सांगायची राहू नये. हा आजार पुरुषांचाच असं समजतात, पण पाळी गेल्यानंतर बायकांतही तो वाढतो. त्या नेहमी मोठ्यानं घोरतातच असं नाही. थकवा, झोप न लागणं, चिडचिड, नवऱ्याजवळ जायचं मन न होणं, अशी त्यांची तक्रार असते. घरचे म्हणतात, वयाचा परिणाम. डॉक्टर टॉनिक लिहून देतो. शेजारी झोपणाऱ्या नवऱ्यानं त्यांचा श्वास मोजल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आमच्या भागात ज्यांना झोपेची ही तपासणी सर्वांत आधी हवी, अशी माणसं कमी नाहीत. रांजणगाव एमआयडीसीत रात्रपाळी करणारे, नगर रस्त्यावर ट्रक हाकणारे, दौंडच्या रनिंग रूममध्ये तुकड्यांत झोपणारे रेल्वेवाले, राज्य राखीव दलाचे जवान. माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप हेच आहेत. त्यांच्या गाडीवर झोप आली तर एकटे ते जात नाहीत.

मागच्या पालक सभेनंतर एक पालक मागं थांबले. ट्रक चालवतात, शिरूर-नागपूर. गळा माझ्याहून जाड. कुणाकडून तरी यंत्राचं ऐकलं होतं. “सर, ते मशीन किती वॅटचं? केबिनमध्ये बॅटरीवर चालेल का?” मी सांगितलं, आधी तपासणी, मग मशीन. डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. ते दारापर्यंत गेले, परत आले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आणि सर, ते दुसरं? त्याच्यावरपण फरक पडतो म्हणे.” मी म्हणालो, मला पडला, तुम्हाला किती पडेल ते डॉक्टर सांगतील, पण त्यांना दोन्ही सांगा. आणि जाताना घरच्यांना सोबत न्या, रात्री श्वास थांबतो का ते त्यांनाच माहीत असणार.

त्यांनी थोडा विचार केला. “आमच्या घरी हे मी नाही सांगू शकत, सर. भाभींना म्हणा ना, एकदा फोन करायला. मोजायचं कसं, ते त्या शिकवतील.”

संध्याकाळी मी बेगमला नंबर दिला. ती ओढणी सावरत गच्चीत गेली आणि पाऊण तास बोलत होती.